जोडा वाळेस्तोवर

इकडे ये, अशी जवळ सरकून बस. तितकी दूर दाराशी काहून बसली, वसुलीले आलेल्या माणसावाणी? त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय मोडका हाय, खाली चटईवर बस माह्या बाजूले. अन् थो मोबाईल माह्या तोंडापुढं नको धरू माय, मांडीवर ठेव, नाईतं मले बोलणंच सुचत नाई. किती दिवस झाले वं तुले येतो येतो म्हणून? अमरावती काय समुद्रापार हाय? सकाळची गाडी पकडली तं माणूस जेवणाआधी अकोल्यात येते, अन् जठारपेठेत उतरून कोणालेबी इचारलं का जोडेवाली बुढी कुठी राहते तं लहान लेकरूबी आणून सोडते. अन् तुमी शिकलेल्या पोट्ट्या, उन्हाळा गेला, पावसाळा गेला, आता तुले आठवण झाली. आता आलीच हाय तं घाई नको करू. माहं बोलणं मेंढरावाणी हाय, एक तिकडे वळलं का बाकीचे त्याच्या मागं जातात, तू आपली छापाले लिहून घे अन् मंग हाकलत बस घरी.

तं माहं नाव पार्वता. आमी धनगर. माहा जलम घरात नाई झाला, वावरात झाला. कौंडण्यपूरच्या अलीकडे, वर्धेच्या काठानं, एका पाटलाच्या काळ्या वावरात बापाची मेंढरं बसली होती. तुले माहीत नसन, तवा कास्तकार मेंढरं बसवाले बलवत, मेंढरं वावरात बसली का वावराले लेंडीखत भेटे अन् आमाले जवारी भेटे, मंग दुसरं वावर, मंग तिसरं. असं आमचं घर चालत राहे, मंजे घरच चालत राहे. थंडीचे दिवस, खाली दहिवर, अन् माय माही तीन दिवसाची बाळंतीण, अन् तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड उचलाचं होतं. तं माह्या बापानं काय केलं, गारपिटीत एक मेंढी मेली होती, तिचं कातडं मीठ अन् तुरटी लावून ठेवलं होतं त्यानं, थे काढलं, लोकर आतून ठेवली, चामडं बाहेरून, अन् मायच्या पायाच्या मापानं दोन जोडे शिवले. जोडा मंजे काय, पिशवीच समज. मंग बाहेरून ओल्या फडक्यानं चामडं नरम केलं, मायचे पाय आत घातले, वरून सुतळीनं बांधले अन् तिले म्हणे, हे वाळेस्तोवर उठाचं नाई. वाळलं का तुह्याच पायाचा आकार धरते, मंग जलमभर चावत नाई.

माय तशी बसली. दुपार गेली तरी बसून. बिऱ्हाड एक दिवस मागं राहिलं. माय मले मोठेपणी सांगे, पार्वते, तुह्या जलमानं मले एक अख्खी दुपार बसाले भेटली, त्याच्या आधी नाई अन् मंगही नाई. सांगताना हासे, पण मी तिचे पाय पाहिले हायत ना, म्हणून मले हासू येत नसे.

पण त्या जोड्याची लाज लय होती. बजाराच्या दिवशी गावाचं शिवार लागलं का माय जोडे काढे, टोपल्यात घाले, वरून लुगड्याचा तुकडा झाके अन् अनवाणी गावात जाये. लोक म्हणत ना, पाह्य पाह्य, धनगरीन मेंढी पायात घालून आली, वास मारून राहिली. तसा वास काही येत नाई, तुरटी नीट लागली तं येत नाई, हे घे, वास घेऊन पाह्य. पाह्य ना! नाक काहून चोरून राहिली? आला का काही? मंग.

लगन झालं अन् मी अकोल्याले आली. आमचे हे जिनिंगमदी हमालीले होते. कापसाचा हंगाम मंजे ऐन थंडीचा, पहाटे सिमेंटच्या फरशीवर उभं राहाचं, गठाणी उचलाच्या, अन् पायाले भेगा अशा का त्यातून रगत निंघे. मले पाहवे नाई. बापाले निरोप धाडला, त्यानं एक कातडं आणून देलं, अन् मी ह्यांच्या पायाचे जोडे शिवले, खाली जुन्या टायरचा तळ लावला. घालून गेले हे जिनिंगमदी, तं हमालाईनं कल्ला केला. कोणी म्हणे काबे, मेंढी कुठी चारतं आता? कोणी बँ बँ करे. हे तसे मुके माणूस, दिवसाले चार शब्द बोलले तं लय, ह्यायनं एवढंच म्हटलं, माहे पाय बोलून राहिले नाईत, तुमचे बोंबलून राहिले, त्याईले इचारा. अन् काय सांगू तुले, आठ दिवस नाई झाले, तं मुकादमच मागच्या दारानं हजर. लोकाइले सांगू नको वयनी, पण माह्यासाठी एक जोडी कर.

असं चालू झालं. हमाल आले, मंग त्याईच्या बाया आल्या, मंग शुगरवाले, ज्याईच्या पायाले खडा लागला तरी जखम होते ते आले, बुढ्या आल्या, अन् बाळंतिणी तं किती आल्या. ह्या गल्लीत असं ठरूनच गेलं होतं का आठवा महिना लागला का पोरीले पार्वताबाईकडे घेऊन जा. काहून का फरशी थंड असते अन् बाळंतिणीच्या पायातून थंडी चढते. माही पद्धत बापाचीच. पाय मी मांडीवर घेतो, पेपरवर पेन्सिलीनं काढतो, कातडं कापतो, शिवतो. मंग त्या बाईले पुन्हा बलावतो, ओलं करून पायावर बांधतो, अन् वाळेस्तोवर बस बाई म्हणतो. उन्हाळ्यात दोन चहा होईपर्यंत वाळते. थंडीत अर्धी दुपार. पावसाळ्यात तं इचारूच नको.

अन् पाय बांधून ठेवला का माणूस बोलाले लागते वं. काय करन, उठता तं येत नाई. पयले सासूचं गाऱ्हाणं, मंग भावाचं, मंग हळूच जे कुठी सांगतलं नाई थे. आमची कौसाबाई, ह्या समोरच्या घरातली, बौद्धाईची, तिचा मालक नगरपालिकेत होता, तिनं मले इथंच पाय बांधून सांगतलं होतं का मले गाणं शिकाचं होतं अन् बापानं पेटी इकून टाकली. तीन लेकरं झाली होती तिले तवा. असं कोणी रडे, कोणी हासे, कोणी झोपून जाये भिंतीले टेकून. माहं घर कधी रिकामं नसे. हे म्हणत, तुह्या घरी माणसापेक्षा पायच जास्त.

आमाले एकच पोरगी, सिंधू. तिचं लगन मूर्तिजापूरच्या अलीकडे देलं होतं. पयल्या बाळंतपणाले माह्याकडेच आली, पयलं बाळंतपण माहेरीच असते ना आपल्यात. पल्लवी झाली. अन् पल्लवी चार वर्साची असताना सिंधूले कावीळ झाली. जास्त नाई सांगत, तूबी नको लिहू. जावयानं दुसरं केलं, त्याचं काही चुकलं नाई, तरणा माणूस होता, पण पल्लवीले मी घेऊन आली. मंग हेबी गेले. मंग मी अन् पल्लवी.

आता हे मेन हाय, लिही. ह्या पल्लवीले माह्या जोड्याची भल्ली लाज. शाळेत मी डबा देवाले गेली का दुरूनच पळत ये, डबा घे अन् म्हणे, आजी तू जाय, लवकर जाय, पोट्ट्या हासतात तुह्या पायाले. म्हणे घरात घाल, रस्त्यावर काहून घालतं? मी म्हणो, अवं ह्याच जोड्यावर तुह्या शाळेची फी निंघते. तं म्हणे, निंघू दे, पण दिसू नको देऊ. मले राग नाई आला. माह्या मायनंबी टोपल्यातच झाकले होते ना.

मंग ती अमरावतीले कॉलेजले गेली, होस्टेलमदी. जाताना मी बळंच एक जोडी पेटीत टाकली. तिनं थे पलंगाखाली ढकलून देली. अन् कॉलेजचं गॅदरिंग होतं थंडीत, तयारी झाली, जीन का काय घातलं, अन् सँडलचा पट्टाच तुटला. दुसरं काही नाई. तं रडत रडत पलंगाखालचा जोडा काढला अन् घातला, म्हणे अंधारात कोणाले दिसते. अन् काय सांगू तुले, पोट्ट्या भोवती जमा झाल्या! अय्या, कुठून घेतला, किती क्यूट, आतून कसा मऊ हाय, एकदा घालू दे ना. अन् माही नात काय म्हणाली असन? म्हणे, बाहेरून मागवला! बाहेरून मंजे कुठून? जठारपेठेतून! दोन दिवस खोटं बोलली, मंग एकीनं पाठच धरली तं कबूल केलं का माही आजी बनवते. कोणीतरी फोटू काढला, मोबाईलवर टाकला, अन् सुरू झालं. आजी, सहा जोड्या पाह्यजे. आजी, धा पाह्यजे. मी म्हटलं, पाठव पोट्ट्याईले, मापं घेतो. तं म्हणे, थ्या काहून येतीन इतक्या दूर, नंबर सांगते ना मी.

पयल्यांदा नंबर आयकला तो तवा. पायाले नंबर. मी म्हटलं, बाई, दोघी बहिणीचे पाय सारखे नसतात, एका बाईचे दोन पाय सारखे नसतात, एक लहान एक मोठा असते, मी जलमभर पाहून राहिली. म्हणे आजी, दुकानात सगळे नंबरवरच घेतात, कोणी मेलं का? अन् खरं सांगू, मले हरिक झाला होता. ज्या पोरीनं मले शाळेच्या फाटकातून हाकललं, थेच पोरगी माहा जोडा मागून राहिली. म्हणून मी हो म्हटलं.

मंग पल्लवी पुण्याले गेली, नोकरी लागली, तिथंच लगन जमलं, नवरा चांगला हाय, कॉम्प्युटरवाला. दोघाईनं मिळून हा धंदा उभा केला. आता कातडं टेम्पोनं येते, पक्कं होऊन, मले मीठ-तुरटी लावा लागत नाई. अन् हे भिंतीशी उभे हायत ना, हे लाकडी पाय, हे आले. प्रत्येकावर नंबर कोरला हाय. आता ओला जोडा ह्याच्यावर बांधाचा, हे चहा मागत नाईत, रडत नाईत, काही सांगत नाईत. पयल्या दिवशी मी एकाले जोडा बांधला अन् सवयीनं म्हटलं, बस बाई वाळेस्तोवर. मंग माहंच मले हासू आलं, अन् मंग नाई आलं.

लोक कायले घालतात म्हणशील तं मले नाई माहीत. अकोल्याच्या उन्हात मेंढीचा जोडा! पल्लवी म्हणे, आजी, तिकडे ऑफिसमदी एसी असते, पोट्ट्याईचे पाय थंड पडतात. म्हटलं, पयले पैसे देऊन थंडी करतात अन् मंग पैसे देऊन पाय झाकतात का? म्हणे हो, असंच हाय. एकदा कॅमेरावाला आला, मले नवं लुगडं नेसवलं, हातात चामडं टोचाची आरी देली, म्हणे आजी, जरा हासा. हासली. तं थो फोटू जोड्याच्या डब्यावर छापला. हे पाह्य. खाली इंग्रजीत काय लिवलं हाय मले येत नाई, पण तोंड माहंच हाय. आता माहं तोंड गावोगाव जाते, मी इथंच असतो. पुण्याले लोक मले ओळखतात म्हणे. अन् इथं, आठ आठ दिवस माह्या उंबऱ्यात कोणी चढत नाई.

काहून म्हणशील. एकदा कौसाबाई आली होती. तिच्या पायाले सूज, काठीवर चालत आली, दारात उभी राहिली, अन् आत पाह्यलं तं डब्बेच डब्बे, वरपर्यंत. म्हणे, पार्वता, तू आता मोठी झाली, माहा पाय आता काय मांडीवर घेशील. मी म्हटलं, ये ना वं, अशी काय करतं, ये बस. तं म्हणे, मंग येतो, आता तुले काम हाय. खरंच काम होतं माय, टेम्पो येणार होता. मी उठली नाई. उठून हाताले धरून आणली असती तं आली असती. पंधरा दिवसानं तिच्या पोरानं तिले नागपूरले नेलं, अजून तिकडेच हाय. एकाले पाहून दुसऱ्यानं येणं सोडलं. किंमतबी वाढली ना आता, पल्लवीनं लावली थे किंमत आमच्या गल्लीले कशी परवडन. मी म्हणतो फुकट घ्या, तं लोकाइले फुकटाची लाज वाटते.

तं अशात पल्लवीले दिवस गेले. मले जे वाटलं थे तुले सांगता येत नाई. मी लगेच खोली सारवून, मंजे आता फरशी हाय, पुसून घेतली, बाळंतिणीच्या बाजेले नवी दोरी भरून आणली, डिंक आणून ठेवला, मेथ्या आणल्या. काहून का पयलं बाळंतपण माहेरी, अन् तिले माहेर मंजे मीच ना. दुसरं कोण हाय? मी रोज फोनवर इचारो, कवा येतं? म्हणे, पाहू. सातवा लागला, म्हणे, पाहू. मंग एक दिवस म्हणे, आजी, डॉक्टर इथलीच हाय, हॉस्पिटल इथलंच हाय, अन् ऑर्डरी लय हायत, मी नाई येऊ शकत. पण तू असं कर, माह्यासाठी बाळंतिणीचा जोडा बनव अन् पाठवून दे. पाच नंबर.

पाच नंबर! माह्या मांडीवर वाढलेल्या पोरीनं मले नंबर सांगतला.

तं मी अडून बसली. मी म्हटलं, साऱ्या दुनियेचे जोडे मी नंबरवर करीन, तुहा नाई करणार. बाळंतिणीचा जोडा पायावरच वाळते. पाय घेऊन ये, मंग करतो. मले वाटलं, जोड्यासाठी तरी येईन. हेच माहं चुकलं, मी जोडा पुढं केला. सरळ म्हणाले पाह्यजे होतं का पोरी, मले एकटं वाटून राहिलं, तू ये. थे तोंडातून निंघालं नाई, जोडाच निंघाला. तं ती म्हणे, ठीक हाय आजी, इथं आपल्या वर्कशॉपमदी शिकवलेल्या बाया हायत, त्याईच्याकडून करून घेते, तू तरास नको घेऊ. तरास! मंग फोन कमी झाले. आले तरी, किती जोड्या तयार हायत अन् टेम्पो कवा येईन, एवढंच.

आठवा लागला. मी रोज त्या बाजेकडे पाहो. मंग एक दिवस सकाळी उठली अन् चांगलं नरम, दाट लोकरीचं कातडं काढलं, आरी, सुतळी, पेपर, पेन्सिल, डिंकाचे लाडू, सगळं एका थैलीत भरलं, अन् मागच्या गल्लीतला एक माणूस कुटुंब घेऊन पुण्याले जाऊन राहिला होता त्याच्यासंगं गाडीत बसली. पाय येत नाई तं मांडी जाईन, असं म्हटलं. अख्खी गाडी माह्या थैलीकडे पाहे, वास कायचा येऊन राहिला म्हणून. लाडवाचा होता वं!

पल्लवीनं दार उघडलं अन् पाहतच राहिली. आजी तू? एकटी? फोन काहून नाई केला? मी म्हटलं, फोन केला असता तं तू नंबर सांगतला असता. चल, बस इथं. चहा तरी घे म्हणे. म्हटलं, चहा मंग. पाय दे.

पाय मांडीवर घेतला. सूज अशी का घोट्याचं हाड दिसत नाई. पाच नंबर कुठी अन् काय कुठी. अन् तिथं कपाटापाशी तो वर्कशॉपवाल्या बायाईनं केलेला जोडा पडला होता, नवाकोरा, एकदा घालून काढून ठेवलेला. मी पेपर पसरला अन् पेन्सिल फिरवली.

त्या दिवशी कापला, शिवला, दुसऱ्या दिवशी सकाळी ओला केला अन् पायावर बांधला. आता वाळेस्तोवर बस. तं पुण्याची हवा कशी, तू पाह्यली असन, बाहेर झिमझिम, खिडकीतून ओल, कपडे तीन दिवस वाळत नाईत. अर्धा तास झाला, पल्लवी म्हणे, झालं का? नाई. म्हणे केस वाळवाची मशीन लावू का? म्हटलं, खबरदार, चामडं आकसलं तं पाय कापून काढा लागन. मंग फोन वाजला, घेतला. दुसरा वाजला, घेतला. तिसऱ्या वख्ताले फोन टेबलावर होता, दूर, अन् तिले उठता येईना. आजी, दे ना थो फोन. मी म्हटलं, माहे गुडघे धरले. धरले नव्हते. वाजू देला. वाजून वाजून थकला बिचारा.

मंग ती सोफ्याले टेकून बसली. मंग म्हणे, आजी, माही आई अशीच बसली होती का? मी म्हटलं, अशीच, माह्याच मांडीवर पाय ठेवून, कच्च्या चिंचा खात होती अन् बिया माह्या डोक्यावर फेकत होती. पल्लवी म्हणे, तवा काय बोलली वं ती? अन् मंग माह्यानं राहवलं नाई, जे इतके वर्स कोणाले सांगतलं नाई थे सांगतलं. तुही माय म्हणाली होती, पोरगी झाली तं तिले कातड्यात हात नको घालू देजो माय, लोक हासतात. हे आयकलं अन् पल्लवी हासाले लागली, पोट धरून, मंग हासता हासता डोळे भरले तिचे. म्हणे, मी कुठी घातला आजी हात? मी तं आजवर एक टाका नाई घातला. हात सारे तुहेच हायत.

मी तिच्या पायावरून फडकं फिरवत राहिली.

मंग ती तशीच सोफ्यावर झोपली, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपे तशी. जोडा वाळला होता, मले हाताले समजलं, पण मी सुतळी सोडली नाई. मुंग्या आल्या मांडीले तरी हालली नाई. संध्याकाळी नातजावई आले, म्हणाले, आजी, दिवा काहून नाई लावला? मी म्हटलं, हळू बोला.

मी तिथं आणखी दोन दिवस होती. मले वाटे, आता म्हणन, आजी राह्य बाळंतपणापर्यंत. चहा पिताना वाटे, आता म्हणन. जेवताना वाटे. तिची सासू येणार होती, खोल्या दोनच, मले कळत होतं, मी काही आडाणी नाई. पण म्हटलं असतं तं मी नाईच म्हटलं असतं वं, मले फक्त आयकाचं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणे, आजी, परतीचं तिकीट काढू का, खालचा बर्थ पाहते तुह्यासाठी, तुले वरती चढता येत नाई. काळजीनंच म्हटलं पोरीनं. खालचाच भेटला.

पोरगी झाली तिले. फोनवर दाखवली मले, लाल लाल, मुठी आवळून. पल्लवीच्या पायात माहाच जोडा होता, मी पाह्यला, सव्वा महिना काढलाच नाई म्हणे तिनं. मंग पुन्हा ऑर्डरी सुरू झाल्या. आता अडीच महिन्याची झाली लेक. दर रविवारी फोन येते, आजी, येतो येतो, हिचे डोस झाले का येतो, एवढी एक ऑर्डर गेली का येतो. खोटं नाई बोलत ती. तिचं मन हाय, मले माहीत हाय. येणं होत नाई.

अन् मी काय, मी हाय मजेत. हात चालतात, डोळ्याले दिसते, दोन टाइम भाकर हाय. त्या लाकडी पायाइसंगं बोलतो कवा कवा, तू हे लिहू नको, लोक येडी म्हणतीन. टेम्पोवाल्याले म्हणतो, बस ना बाबू, चहा ठेवतो, तं तो म्हणते आजी, गाडी चौकात लावली हाय, पोलीस येईन. असू दे. त्याचंबी खरं हाय. सिंधूची लेक सुखात हाय, तिची लेक सुखात हाय, साऱ्याईचं भलं हो, अजून काय पाह्यजे बुढीले.

तू हे छापशील ना? पल्लवी वाचते, तिले वाचाचा लय नाद. तं शेवटी माह्याकडून लिही, जसं सांगतो तसंच लिही, शुद्ध नको करू. पल्लवी, जोड्यासाठी नाई म्हणत पोरी, जोडे होत राहतीन. मलेच करमत नाई. लेकीले घेऊन ये, थंडी पडायच्या आधी ये, ऊन आता कमी झालं हाय. दोन दिवस तरी ये. बाजेची दोरी मी काल पुन्हा कसून घेतली.